गाडीचें पाणी जातें कोठें?

नायगावच्या गल्लींत रात्रीं विसावणारी जुनी मालवाहू पिकअप रोज सकाळीं तांब्याभर पाणी मागूं लागली, तर तो केवळ वयाचा दोष समजूं नये. एंजिनाभोवतीं पाणी बंद मार्गानें फिरतें. तें कमी झालें, तर कोठें तरी त्याला वाट फुटलेली असते.

शोध थंड एंजिनावरच घ्यावा. झांकणाच्या सुमारें १ बार दाबामुळें पाणी १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. तापल्या गाडीचें झांकण उघडतांच तें उसळून अंग भाजतें. रात्रीं गाडीखालीं कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळीं डाग दिसेल, त्याच्या वर रेडिएटर, रबरी नळ्या व त्यांचे सांधे तपासावे. पंपाच्या पोटांतील बारीक छिद्रांतून ओल येत असेल, तर त्याचें सील गेलें आहे. वाळलेला पांढरा वा हिरवट ओघळ उगमापर्यंत नेतो. तरीही उमगलें नाहीं, तर झांकणावर लिहिलेल्या आंकड्याइतकाच दाब हातपंपानें द्यावा.

पुठ्ठा कोरडा राहून पाणी घटत असेल, तर तें बहुधा आंत मुरतें. तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस, थंड गाडी सुरू करतांच उघड्या रेडिएटरांत सतत बुडबुडे, एंजिन तापल्यावरही न थांबणारी पांढरी वाफ, हीं हेडचें गॅस्केट फुटल्याचीं लक्षणें होत. अशी गाडी बोरघाटाच्या चढणीस नेऊं नये. तांब्याभर पाण्याची हयगय सबंध एंजिन गमावून फेडावी लागते.