आजोबांचं पेन आणि एक रबरी पडदा

आज गोष्ट आजोबांच्या पेनाची. पार्कर ५१. ते गेल्यावर कपाटात सापडलं, पण शाई ओढेचना. दुकानात दाखवलं, तर उत्तर आलं, "याचे पार्ट आता मिळत नाहीत. नवीन घ्या."

मग शोधत बसलो आणि कळलं, की नुसतं ‘पार्कर ५१’ म्हणून भागत नाही. १९४१ साली हे पेन आलं ते व्हॅक्युमॅटिक. मागचं छोटं टोपण काढायचं, दट्ट्या दाबायचा, आतला रबरी पडदा हलतो आणि शाई वर चढते. १९४८ पासून एअरोमेट्रिक आलं. त्यात मऊ पिशवी, ती पट्टी दाबून भरायची. एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही. म्हणून आधी पेन ओळखा, मग पार्ट शोधा.

माझं व्हॅक्युमॅटिक निघालं. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन फाटलं होतं. हा पडदा आजही नवा बनतो, ऑनलाइन मिळतो. क्लिप, निब वगैरे मात्र बहुधा दुसऱ्या मोडक्या पेनातूनच काढावं लागतं. तेव्हा बंद पेन भंगारात देऊ नका!

आणि हो, स्पिरिटने पुसू नका, ल्युसाइटला तडे जातात. निबवरचं आवरण लाखेने चिकटवलेलं असतं, ते ओढूनताणून काढू नका. हलकी ऊब लागते. हात बसलेला नसेल तर जाणकाराकडेच द्या.

परवा पेन चालू झालं. आजी लगेच म्हणाली, "चादरीवर शाई सांडू नकोस. तेही सांडायचे."

तुमच्या घरातला ड्रॉवर उघडून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!