इंधनवाहिनीतील हवा

कावेरी व अरसलार या नद्यांमधील कुंभकोणमच्या शिवारात मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. पाणी लांबले की कुरुवै भाताची रोपे पंपावरच जगवावी लागतात. नेमक्या अशा वेळी फिल्टर बदलल्यावर डिझेल इंजिन सुरूच होत नाही, तेव्हा शेतकरी हवालदिल होतो.

दोष बहुधा इंजिनाचा नसतो. इंधनवाहिनीत शिरलेल्या हवेचा असतो. आपल्याकडे याला ‘एअर धरली’ म्हणतात. डिझेल सहसा दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पंपाचा जोर तिच्यातच जिरतो व नोझल उघडत नाही. मग हँडल कितीही फिरवा, व्यर्थ! टाकी भरून कॉक उघडावा, फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळावा. पुढे इंधनपंपापाशी तेच. शेवटी नोझलकडील नळीचा नट किंचित सैल करून, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवावे. डिझेल आले की नट घट्ट करावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात मात्र कधीही धरू नये, तो कातडीत घुसतो. एवढे करूनही इंजिन थोडे चालून बंद पडले, तर जुनाच वॉशर पुन्हा बसवला आहे काय, हे आधी पाहावे.