फेसणे आणि तिंबणे

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम् लागते. भोवती कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेते. या मुलखात व्यंकोजी राजांनी १६७५च्या सुमारास मराठी राज्य स्थापिले. १८५५ साली ते लयास गेले. मराठी घरे मात्र राहिली. अशाच एका घरी नाताळच्या सुटीत मी उतरलो होतो.

घरातील नात इंग्रजी पाककृती वाचून केक करीत होती. मराठी तिला बोलता येते, वाचता येत नाही. तिच्या लिपी दोन, तमिळ आणि इंग्रजी. 'क्रीम' या शब्दाशी ती अडली. क्रीम म्हणजे साय, हे तिला ठाऊक होते. पण येथे ते क्रियापद होते! लोणी व साखर हलकी, पांढरी होईपर्यंत घोटावयाची, असे पुढे वाचताच आजी उद्गारल्या, "अगं, हे तर फेसणे!"

मग नातीला हुरूप आला. 'नीड', म्हणजे मळणे. पण त्याच्या आरंभीचा 'के' मुका का, हे आजींना सांगता येईना. उलट त्यांनी विचारले, पुरणपोळीची कणीक मळून झाल्यावर तेलपाण्याचा हात लावून पुन्हा पुन्हा आपटतात, ताणतात, त्याला काय म्हणशील? नात गप्प राहिली. दर सणाला पोळी खाणाऱ्या त्या मुलीला 'तिंबणे' हा शब्दच ठाऊक नव्हता.

श्रोतेहो, नामे सहज प्रवास करतात. आपली पोळी तमिळ मुलखात त्याच नावाने विकली जाते. क्रियापदे मात्र हाताबरोबर चालतात. हात थांबला की शब्दही थांबतो. म्हणूनच परभाषा शिकण्यास पाककृतीसारखा गुरू नाही, आणि स्वभाषा टिकविण्यासही नाही. सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) उत्तम इंग्रजी जाणत. त्यांच्याच काळचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महालात आहे. एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागते, असे त्यांना वाटले नाही. परंतु ज्या मुलीला ती लिपीच वाचता येत नाही, तिला त्या ग्रंथाचा काय उपयोग? तिचा ग्रंथ म्हणजे तिची आजी.

केक भट्टीत गेल्यावर नातीने पाककृतीच्या समासात दोन्ही शब्द तमिळ लिपीत लिहिले. त्या लिपीत 'फ'साठी स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून वाचताना 'पेसणे' झाले. आजींनी तिच्याकडून 'फेसणे' तीनदा म्हणवून घेतले, आणि मगच भांडी आवरायला घेतली.