पायाचा अंगठा आणि कृत्रिम सांधा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा विषय समजावून सांगणे एवढेच माझे काम. गुडघ्याचा कृत्रिम सांधा आता घरोघर परिचयाचा झाला आहे. मग दुखऱ्या अंगठ्यालाही तोच उपाय का नसावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचा विचार आज करू.

पाऊल टाकताना टाच उचलली, की अंगठा मुळाशी वरच्या बाजूस वाकतो व देहाचा भार त्याच्यावरून पुढे सरकतो. हिक्स नामक संशोधकाने १९५४ साली दाखविले, की त्या वेळी तळव्याचा चिवट पट्टा या सांध्याभोवती, रहाटावर दोर गुंडाळावा तसा, ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते. सांधा लहान, पण कार्य मोठे! त्यातील कूर्चा झिजली, की हाडावर कंगोरे वाढतात, अंगठा वाकेनासा होतो आणि प्रत्येक पावलागणिक कळ येते. इंग्लंडातील वैद्यांनी १८८७ सालीच या व्याधीचे वर्णन केले. ‘हॅलक्स रिजिडस’, म्हणजे ताठरलेला अंगठा, हे तिचे शास्त्रीय नाव.

हिला ‘गाऊट’ समजू नये. गाऊटमध्ये अंगठा बहुधा एकाएकी लाल होऊन सुजतो. ही झीज वर्षानुवर्षे हळूहळू होते. दोहोंचे उपचार भिन्न आहेत. म्हणून प्रथम तपासणी व क्ष-किरण चित्र.

आरंभी रुंद व कडक तळाचे पादत्राण पुष्कळांस पुरते. त्याने न भागल्यास वाढलेले कंगोरे तासून काढतात. झीज फारच झाली असेल, तर दोन्ही हाडे स्क्रूने जखडून एकजीव करतात.

आता कृत्रिम सांध्याकडे वळू. अमेरिकेतील डॉ. स्वानसन यांनी सिलिकोनचे सांधे प्रचारात आणले. कालांतराने त्यांचे सूक्ष्म कण झडून दाह होतो व हाड पोखरले जाते, असे अनेक रुग्णांत दिसले. पुढे धातूचे सांधे आले. एडिंबरो येथील तुलनात्मक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बसविलेल्या ३९ सांध्यांपैकी ६ सैल होऊन काढावे लागले. जखडलेली हाडे मात्र सर्व सांधली गेली. २०१६ साली ‘कार्टिव्हा’ या मऊ जलयुक्त पदार्थाच्या गुटिकेस अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली व मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु ती काढण्याचे वा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग अपेक्षेहून अधिक येऊ लागल्याने २०२४ साली कंपनीनेच ती बाजारातून परत घेतली.

गुडघ्यास जे साधते ते अंगठ्यास का साधू नये? गुडघ्याची हाडे मोठी. कृत्रिम भागास भक्कम आधार मिळतो. अंगठ्याची हाडे लहान, आणि प्रत्येक पावलास त्यांवर तिरकस जोर पडतो. शिवाय सांधा काढावा लागलाच, तर तेथे हाडाची तूट पडते. मग दुसरीकडचे हाड आणून भरावे लागते.

कृत्रिम सांधा सर्वथा त्याज्य आहे, असे मी म्हणत नाही. परंतु नवे ते उत्तमच, या समजुतीने होकार देऊ नये. शल्यचिकित्सकास आदरपूर्वक विचारावे : हा सांधा कोणता? किती वर्षांचा अनुभव आहे? निकामी झाल्यास पुढे काय? त्याचप्रमाणे आपले आचारही त्यांस सांगावेत. जखडलेल्या अंगठ्याने चालणे वेदनारहित होऊ शकते. परंतु सूर्यनमस्कार घालताना किंवा चवडे दुमडून गुडघ्यांवर बसून फरशी पुसताना अंगठा वाकणार नाही. मधुमेह असल्यास तोही सांगावा. जखम भरून येणे त्यावर अवलंबून असते.

शेवटी तरुण मंडळींस एक विनंती. आपल्या घरातील माता आणि आजी पायाचे दुखणे मुखाने सांगत नाहीत. त्यांची चाल पाहा, त्यांच्या वहाणा पाहा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन कोणी चालत असेल, तर वेळीच विचारपूस करा. आरंभीच लक्ष दिले, तर पुष्कळदा साध्या पादत्राणावर निभावते.