मऊ फोटो कुठे, लख्ख फोटो कुठे

गटाच्या बैठकीत आता वहीशेजारी मोबाईलही असतो. पापडाचा, मसाल्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवणं हे आपलं नेहमीचं काम झालंय. म्हणून आज आम्ही ‘सॉफ्ट फोकस’ फिल्टरबद्दल बोलणार आहोत.

सॉफ्ट फोकस म्हणजे हललेला फोटो नव्हे. फोकस नीट लागलेलाच असतो. फक्त लेन्सपुढे असं काही धरतात, की आत येणारा थोडा उजेड आजूबाजूला पसरतो. चेहरा ओळखू येतो, पण सुरकुत्या नि डाग पुसट होतात. उजळ भागाभोवती धुक्यातल्या दिव्यासारखं वलय दिसतं. 1920-30 च्या सुमारास हॉलिवूडच्या सिनेमात नायिकेचा चेहरा जवळून दाखवताना लेन्सवर तलम जाळी लावत. कुणी काचेला व्हॅसलीनही फासत.

आपल्यालाही हे करून बघता येतं. नायलॉनचा पातळ मोजा ताणून मोबाईलच्या लेन्सवर धरा आणि पडद्यावर डोळ्यांच्या जागी बोट टेकवून फोकस लावा. पांढऱ्या मोज्याने सगळं जरा दुधट दिसतं, काळ्याने काळे भाग काळेच राहतात. व्हॅसलीन मात्र लेन्सला कधीच लावू नका. प्लास्टिकच्या स्वच्छ तुकड्याला कडेने लावा, मधली जागा मोकळी ठेवा आणि तो तुकडा लेन्सपुढे धरा.

खरं सांगायचं तर आपल्या पुष्कळजणींच्या मोबाईलवर हा फिल्टर फुकटात बसलेला असतो! पिठाचा, तेलाचा हात लेन्सला लागतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. फोटो काढण्याआधी मऊ, कोरड्या सुती कापडाने लेन्स पुसा. निम्मं काम तिथेच होतं.

आता हा फिल्टर वापरायचा कुठे? नवरीचा, बाळाचा, आजीचा फोटो असेल तर खुशाल वापरा. विकायच्या मालाला मात्र नको. पापडातली मिरी, कुरडईची तार, गोधडीचा टाका हेच तर गिऱ्हाईक बघतं. फोटोत ते पुसलं, तर आपली मेहनतच पुसली जाते. शिवाय हातात आलेला माल वेगळा दिसला, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागवत नाही. मालाचा फोटो दिवसा, खिडकीपाशी, बाजूने उजेड घेऊन काढा. ओळखपत्राला आणि बँकेच्या कागदालाही साधाच फोटो हवा.

मोबाईलमधला ‘ब्युटी’ फिल्टर ही आणखी वेगळी गोष्ट. तो उजेड पसरवत नाही. तो चेहरा ओळखून कातडी गुळगुळीत करतो, कधी रंग गोरा करतो, तर कधी हनुवटीही बारीक करतो. पाकिटावर छापायच्या फोटोवरून आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, जरा उजळ दिसलो तर बिघडलं कुठे? कुणी म्हणालं, उन्हात राबून हा रंग आलाय, तो लपवायचा कशाला? शेवटी आम्ही एवढंच ठरवलं: जिचा चेहरा, तिची मर्जी. तिला विचारल्याशिवाय तिचा रंग कुणी बदलायचा नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकाच पापडाचे दोन फोटो काढा, एक मोजा लावून आणि एक लेन्स पुसून. दोन्ही शेजारी ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा. कुठला पाठवायचा, ते तुम्हीच ठरवाल.