गापुन गावची तायाप

पापुआ न्यू गिनी या राष्ट्रात आठशेंहून अधिक भाषा नांदतात. त्यांपैकी तायाप ही, सेपिक नदीच्या खालच्या खोऱ्यात साबूच्या ताडांनी वेढलेल्या दलदलीतील गापुन या एकाच गावची भाषा, आज जेमतेम काही डझन लोकांच्या मुखी उरली आहे. कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही.

डॉन कुलिक हे मानववंशशास्त्रज्ञ 1980च्या दशकात तेथे राहिले, तेव्हा दहा वर्षांखालील एकही मूल तायाप बोलत नसल्याचे त्यांना आढळले. कोणत्याही सरकारी फर्मानाने तिला मनाई केली होती, असे नव्हे. मळ्यांवर मजुरीस गेलेले पुरुष टोक पिसिन ही इंग्रजी शब्दांवर पोसलेली व्यवहारभाषा घेऊन परतले आणि ख्रिस्ती धर्म, पैसा व शहाणपण यांची प्रतिष्ठा तिला लाभली. तायाप मात्र जुनी जमीन, बायकांचा संताप आणि हट्ट यांच्या वाट्याला गेली. तान्ह्या मुलाचा पहिला अस्फुट उद्गार म्हणजे 'मी चाललो' असा तायापमधला त्रागाच, अशी तेथील आयांची पक्की समजूत. त्याच्याशी बोलताना त्या वळत मात्र टोक पिसिनकडे, आणि वर मुलेच तायाप टाकतात अशी आईबापांची तक्रार! या तक्रारीत मला लबाडी दिसत नाही. त्यांना ते खरेच तसे वाटत असे.

कुलिक व अँजेला टेरिल यांनी सिद्ध केलेले तायापचे व्याकरण व कोश 2019 साली प्रसिद्ध झाले. गावातील काही तरुणांना ही भाषा बरीच अवगत आहे. पण वडीलधारी मंडळी चुका काढतील या संकोचाने ते ती चारचौघांत बोलत नाहीत.