उन्हाळ्यासाठी टोमॅटोचे थंड सूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. 'पाककृतीच सांगा, पण चकली-अनारसे नकोत, उन्हाळ्यात प्रकृतीला मानवेल असे सांगा,' असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वैशाखात आमच्या सासूबाईंचे अन्नावरचे मनच उडाले. वय 78. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगावयास नको. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन घास दहीभात, आणि रात्री 'नको गं, जात नाही.' त्यातून रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बेताचे सांगितलेले. लोणचे-पापड बंद, म्हणजे जिभेला रुची कसली ती नाही. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या तेव्हा माझा धीर सुटला.

त्या सुमारास आमची भाची सुट्टीला आली. ती दोन वर्षे स्पेनमध्ये सेव्हिल येथे शिकत होती. ते शहर आंदालुसियातले. तेथे जुलै-ऑगस्टात पारा 40 अंशांच्या वर जातो. ती म्हणाली, "मामी, तिकडे अशा दिवसांत दुपारी चूल पेटवीत नाहीत. गास्पाचो करून ठेवतात." गास्पाचो म्हणजे कच्च्या टोमॅटोचे थंड सूप. मूळचे हे शेतावर राबणाऱ्या गरिबांचे अन्न. शिळा पाव, लसूण, ऑलिव्हचे तेल, व्हिनेगर, मीठ आणि पाणी एवढे कुटून ते खात. टोमॅटो त्यात मागाहून आला, कारण तो मुळी अमेरिकेतून सोळाव्या शतकात स्पेनला पोचला. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

सहा माणसांना एक किलो टोमॅटो घ्यावेत. एक काकडी (आधी चाखून पाहावी; एक कडू काकडी सगळे पातेले बिघडविते), अर्धी ढोबळी मिरची, लसणीची एकच पाकळी, आणि शिळ्या पावाचा एक तुकडा पाण्यात भिजवून. सगळे मिक्सरमधून काढावे व शेवटी तीन-चार चमचे तेल थोडे थोडे घालीत फिरवावे, म्हणजे सूप दाट व मऊ होते. ऑलिव्हचे तेल महाग, हे खरे. पण शेंगदाण्याचे घाण्याचे तेल मी घालून पाहिले, त्याचा वास वर येतो. तिकडे व्हिनेगर घालतात, मी लिंबू पिळते. साले व बिया काढावयास आपले पुरणयंत्र उत्तम! मग झाकून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. आंबटाला अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ नको. आणि हे शिजविलेले नाही, म्हणून टोमॅटो-काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, पाणी उकळून गार केलेले घ्यावे, बाजारचा बर्फ घालू नये, आणि केले त्याच दिवशी संपवावे.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या खेपेला मी चार दिवस फ्रिजमध्ये ठेवलेले टोमॅटो वापरले. दिसावयास लालभडक, पण सुपाला ना चव ना वास. मग मी चव आणण्यासाठी मीठ वाढवीत गेले, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांनाच ते वर्ज्य! सासूबाईंनी एक चमचा घेतला, वाटी खाली ठेवली आणि विचारले, "हे औषध कोणाचे?"

भाचीने चूक दाखविली. थंडीने टोमॅटोचा सुवास मरतो. टोमॅटो बाहेर ठेवावेत, सूप थंड करावे. मी उलट केले होते. दुसऱ्या खेपेस टोमॅटो वर्तमानपत्रावर देठाकडची बाजू खाली करून तीन दिवस फळीवर ठेवले. बोटाला मऊ लागले, स्वयंपाकघरात वास दरवळला, तेव्हा केले. मीठ पाव चमचा पुरले, सहा माणसांत! दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. थंड पदार्थाची चव जिभेला कमी लागते. म्हणून गार झाल्यावर पुन्हा चाखावे आणि कमी वाटले तर मीठ न घालता लिंबू पिळावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला मोठ्या माणसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही सगळ्या जेवणाचे मिळून. पाकिटातले सूप आणि बाटलीतला सॉस यांत ते किती असते हे पाकीट उलटून वाचावे. आमच्याकडे चष्मा लावून वाचले, तेव्हापासून पाकिटे बंद झाली.

त्या दिवशी सासूबाईंनी वाटी संपविली. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र भाचीला हळूच विचारीत होत्या, "तुझ्या मामीने सगळे संपविले का गं?"

परंतु याला जेवण समजू नये. टोमॅटोत शंभर भागांत सुमारे 95 भाग पाणीच. अंगात जावयाचे ते पाव आणि तेल यांतून, तेही थोडेच. मी सोबत मुगाचे मऊ धिरडे देऊ लागले, आणि सूप गेले की तेही जाऊ लागले. सार सोडून द्यावे असेही माझे म्हणणे नाही. शिजविल्याने 'क' जीवनसत्त्व काही कमी होते हे खरे, पण टोमॅटोतले लाल द्रव्य शिजविलेल्यातून व तेलाबरोबर अंगी अधिक लागते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, टोमॅटोत पोटॅशियम असते. आम्लपित्तवाल्यांनीही जपूनच घ्यावे.

मागच्या टेबलावर दोन पातेली ठेविली आहेत. डावीकडच्यात लसूण नाही, आज चतुर्थी असणाऱ्यांसाठी. सासूबाई तेथेच बसल्या आहेत. वाटी त्या देतील.